पेनिसिमानीच्या अंगणात लेसिएली बाई

लेसिएलीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती शाळेच्या पायरीवर बसून एका मुलीच्या चपलेचा पट्टा तारेने जोडत होती. मला वाटलं, नवी शिपाईण आली. मी खिडकीतूनच म्हटलं, "अगं, आधी ऑफिसपुढचं अंगण झाडून घे, मग काय ते जोडत बस." तिने चप्पल मुलीच्या हातात दिली, झाडू उचलला, सगळं अंगण नीट झाडलं, पाचोळा टोपलीत भरला आणि मग आत येऊन म्हणाली, "मी लेसिएली. गणित शिकवायला आले आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र एवढंच म्हणाली, "अंगण खरंच घाण होतं हो." तेव्हापासून आमची मैत्री.

मी मआता. वावाऊ बेटावरच्या त्या चर्चच्या शाळेत मी एकतीस वर्षं ऑफिस सांभाळलं. आधी टाइपराइटर बडवला, मग कॉम्प्युटर. शाळेचा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून गेला, त्यामुळे कोणी मला शाळेचा मोठेपणा सांगायला येऊ नये. त्या वर्षांत एका प्रकारचं पत्र मी अकरा वेळा टाइप केलं. "आपल्या मुलीचे नाव पटावरून कमी करण्यात येत आहे." कारण लिहायचं नाही, कारण सगळ्या गावाला माहीत असायचं. पोरीचं पोट दिसायला लागलं की पत्र निघायचं. पोराच्या घरी कधी पत्र गेलेलं मला आठवत नाही. आणि मी काय करायची? मी शुद्धलेखन तपासायची, शिक्का मारायची आणि घरी जाऊन जेवायची.

बारावं पत्र निघालं नाही, ते लेसिएलीमुळे. म्हणून तिच्याबद्दल सांगते आहे. तिच्याबद्दल कोणी काही छापणार नाही, भाषणं करणार नाही, आणि तिला ते आवडणारही नाही.

पोरीचं नाव मेलेनाइटे. अठरा वर्षांची, शेवटच्या वर्षाला. बाप पेनिसिमानी, डोंगराकडच्या वाडीतला, त्याच्यासारखी कोनफळं अख्ख्या बेटावर कोणाची येत नाहीत. आई लहानपणीच गेलेली. घरात बाप, ती, आणि दोन वर्षांनी धाकटा भाऊ कितिओने, तोही आमच्याच शाळेत. मेलेनाइटेचं गणित असं होतं, की लेसिएली फळ्यावर प्रश्न लिहीपर्यंत ही उत्तर काढून खिडकीबाहेर ढग बघत बसायची. ढगांचं तिला वेडच. विमानतळावर हवामानाची नोंद ठेवणारं ऑफिस आहे ना, तिथे काम करायचं तिने मनाशी ठरवलं होतं. त्यासाठी शेवटच्या वर्षाची परीक्षा गणितात चांगले मार्क घेऊन पास व्हायला हवी, आणि ती परीक्षा वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात.

जून महिन्यात लेसिएलीच्या लक्षात आलं. मी तिला नंतर विचारलं, कशावरून कळलं गं? ती म्हणाली, "तिने तीन दिवस डबा उघडला नाही. नारळाच्या दुधातला अळू होता, वास माझ्यापर्यंत येत होता, आणि ती तोंड फिरवून बसली होती." दुसरी कोणी असती तर तिथेच पोरीला कोपऱ्यात घेऊन खोदून खोदून विचारलं असतं. लेसिएलीने काय केलं, तर शिक्षकांच्या संडासाची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. "ही तुझ्याजवळ राहू दे. विचारायची गरज नाही, हात वर करायची गरज नाही, उठून जायचं." बस. त्यानंतर तीन आठवडे ती रोज सकाळी एकच प्रश्न विचारायची. "काही खाल्लंस का?" नाही म्हटलं की पिशवीतून उकडलेला नीरफणस काढून द्यायची.

तीन आठवड्यांनी पोरगी स्वतःच बोलली. मुलगा शेजारच्या वाडीतला, मार्चमध्ये न्यूझीलंडला बागेत सफरचंदं तोडायला गेलेला. वाईट नव्हता, फोन करायचा, येतो म्हणायचा. पण तो तिकडे आणि पोट इकडे. लेसिएलीने तिला पहिलं काय विचारलं असेल? "तुला काय करायचंय?" मेलेनाइटे मला पुढे म्हणाली होती, "मावशी, मला वाटलं बाई रागावतील, नाहीतर रडतील. त्यांनी मला नुसतं विचारलं. मला उत्तरच येईना, कारण तोवर कोणी विचारलंच नव्हतं." दुसऱ्या दिवशी तिने उत्तर आणलं. परीक्षा द्यायचीय.

मग लेसिएलीने तिला दवाखान्यातल्या नर्सकडे नेलं, कार्ड काढलं, आणि नंतर एकटी हेडमास्तरांकडे गेली. पोरीला आधी सांगून, तिची परवानगी घेऊन गेली, हेही लिहून ठेवण्यासारखं आहे. मनासे सर तसे मऊ माणूस. पण चर्चच्या कमिटीचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा. लेसिएली त्यांना म्हणाली, "सर, पत्र काढू नका. पोरगी वर्गात बसू शकते. बाळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला आहे, थोडं आधी झालं तर परीक्षेला सावरेल." सरांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, "बरं, पत्र नाही काढत. मी प्रार्थना करतो." हे ऐकून आम्ही दोघी खूश झालो. आम्हाला काय माहीत, हे प्रार्थना कुठे करणार आहेत.

रोज सकाळची प्रार्थना मोठ्या मुलांची सभागृहात असते आणि धाकट्यांची मागच्या इमारतीत. त्या सोमवारी मागच्या इमारतीचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं, म्हणून सगळे सभागृहात. मनासे सरांनी डोळे मिटले आणि देवाला हाक मारली, की आमच्या बहिणीला, मेलेनाइटेला, आणि तिच्या पोटातल्या लेकराला आशीर्वाद दे. चांगल्या मनाने बोलले. पण डाव्या बाजूला मेलेनाइटे उभी, आणि उजवीकडे धाकट्यांच्या रांगेत तिचा भाऊ कितिओने.

आता यात काय झालं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. भाऊ-बहीण मोठे झाले की एका छपराखाली झोपत नाहीत, एका चटईवर बसत नाहीत, आणि असला विषय दोघांच्या देखत गावातला बेवडासुद्धा काढत नाही. हेडमास्तरांनी तो देवाच्या साक्षीने चारशे पोरांसमोर काढला होता. कितिओने मान खाली घालून दारातून बाहेर पडला. मेलेनाइटे दुसऱ्या दारातून. सरांनी डोळे उघडले, रिकाम्या दोन जागा बघितल्या आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. तिचा भाऊही आज इथेच होता, हे माणसाला एकदम आठवलं होतं.

पेनिसिमानीने दुसऱ्या दिवसापासून दोन्ही पोरांना घरी बसवलं. त्याचं चुकलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या शाळेने भावासमोर बहिणीची लाज काढली, त्या शाळेत पोरं पाठवायची कशी?

लेसिएली गेली त्याच्याकडे. मी सोबत. पेनिसिमानीने चटई टाकली, शहाळं फोडून दिलं, आदराने खाली बसला. लेसिएलीने तोंड उघडलं, तर पेनिसिमानी हळूच म्हणाला, "बाई, मुलगा पलीकडे आहे." वेताच्या पडद्यापलीकडे कितिओने बसला होता, त्याच्या पायाची सावली दिसत होती. झालं. विषय बंद. मग आम्ही काय बोललो? कोनफळांबद्दल बोललो. या वर्षी माती कशी आहे, वेल कधी चढवायचे. पुढच्या आठवड्यात परत गेलो, परत मुलगा पलीकडे, परत कोनफळं. तिसऱ्यांदाही तेच. परत येताना मी रस्त्यात ओरडलेच, "अगं, तो मुद्दाम बसवतो पोराला. पोराला शेतावर पाठवलं तर ऐकावं लागेल ना." लेसिएली म्हणाली, "माहीत आहे. त्याला ऐकायचं नाही, कारण ऐकलं तर उत्तर द्यावं लागेल. घाबरलाय तो." मग दहा पावलं चालून म्हणाली, "पण त्याला घाबरवणारं कोणीतरी असेलच की."

मी थांबले. तिच्याकडे बघितलं. दोघींच्या डोक्यात एकच नाव आलं. तोकिलुपे.

तोकिलुपे पेनिसिमानीची थोरली बहीण, म्हणजे पोरीची आत्या. आमच्याकडे बाप घराचा मालक असतो, पण आत्या बापाची मालक असते. लग्न असो, मयत असो, आत्या म्हणेल ती पूर्व दिशा. ती खोलीत आली की भाऊ उठून उभा राहतो, मग त्याचे केस पिकलेले का असेनात. आणि तोकिलुपे म्हणजे त्यातली काही और चीज. बोटीने दीड तासावरच्या बेटावर राहायची, केवड्याच्या पानांच्या चटया विणायची, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. मी म्हटलं, "लेसिएली, ती आपल्याला बोटीतूनच परत पाठवेल." ती म्हणाली, "मग परत येऊ."

परत पाठवलं नाही. त्यापेक्षा वाईट केलं. विणणाऱ्या बायकांच्या ओळीत जागा दाखवून म्हणाली, "मास्तरीणबाई, बसा. हात चालू ठेवा आणि काय ते बोला. रिकाम्या हाताने बोलणाऱ्या बाईवर माझा विश्वास नाही." आता लेसिएलीला विणकामातलं ओ की ठो येत नाही. तिने जे विणलं ते बघून शेजारची म्हातारी तोंडावर हात ठेवून हसत होती. पण ती विणत राहिली आणि बोलत राहिली. सगळं सांगितलं. सभागृहात काय झालं तेही, काही न लपवता.

तोकिलुपेने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला सगळं कळलंय. मी ठरवलंसुद्धा आहे. पोरगी इथे येईल, इथे बाळंत होईल. बाळ मी वाढवीन, पोरगी विणायला शिकेल. झालं, संपलं. परीक्षा कशाला हवीय तिला?"

तिचा तो हक्क होता, आणि ती प्रेमानेच म्हणत होती, हे मी तेव्हाही जाणत होते. आता लेसिएली वाद घालेल, शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगेल, आणि ही उठून जाईल, असं मला वाटलं. लेसिएली हातातल्या वाकड्यातिकड्या विणीकडे बघत म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही म्हणाल तसंच होईल. त्यात माझं काही चालायचं नाही. फक्त एक विचारते. तिला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं?"

"मीही आधी असंच म्हणायचे. मग विचारून बघितलं."

तोकिलुपेने लेसिएलीच्या हातातली चटई घेतली, सगळी वीण उसवली आणि म्हणाली, "शनिवारी मी भावाकडे येते. पण आधी त्या घराची अब्रू भरून द्या. ज्याने तोंड उघडलं त्याने येऊन माफी मागायची. इफीची पानं घालून."

इफीच्या पानांची माळ गळ्यात, कमरेला फाटकी चटई, आणि समोरच्याच्या अंगणात जमिनीवर मान खाली घालून बसायचं, तो बोलेपर्यंत. आमच्याकडे याहून खाली जाता येत नाही. आम्ही मनासे सरांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी हेडमास्तर आहे, बाई. कमिटी काय म्हणेल? मी पत्र लिहितो." लेसिएली म्हणाली, "पत्रं पुष्कळ झाली, सर." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी मी तिच्या घरी गेले तर ती आरशासमोर पानांची माळ घालत होती. मी म्हटलं, "हे काय? तू काय केलंस? तूच तर पोरीला सांभाळलंस." ती म्हणाली, "मी शाळेची आहे ना." एवढंच. या बाईच्या तोंडून मोठी वाक्यं कधी निघाली नाहीत. मी उगीच दारात उभी राहिले. अकरा पत्रं माझ्या डोळ्यासमोर आली, अकराही नावं पाठ आहेत मला. मग मी तिच्या परसातल्या इफीच्या फांद्या ओढल्या आणि माझ्यासाठी माळ केली. ती काही बोलली नाही, फक्त मागची गाठ बांधून दिली.

पेनिसिमानीच्या अंगणात आम्ही दोघी जमिनीवर बसलो. ऊन चढलं. रस्त्यावरून जाणारी माणसं थबकायची, काय दिसतंय ते कळलं की मान फिरवून निघून जायची. पेनिसिमानी आम्हाला उठवायला दारात आला. आपल्या पोरीची मास्तरीण, जिने काही केलेलं नाही, ती असल्या वेषात आपल्या अंगणात बसलीय, हे त्याला बघवेना. पण तोकिलुपे आत बसली होती आणि ती म्हणाली, "अजून नाही. ज्याने यायला हवं तो आलेला नाही."

माझे गुडघे पार गेले होते, मुंग्या चावत होत्या, आणि मी मनात हेडमास्तरांच्या सात पिढ्या उद्धारत होते. तेवढ्यात वाटेवर पावलं वाजली. मनासे सर येत होते. गळ्यात पानं, कमरेला कुठल्या तरी पूर्वजाची चिंध्या झालेली चटई. ते आमच्या पुढे जाऊन जमिनीवर बसले आणि डोकं मातीला टेकवलं. नंतर कळलं, त्यांच्या बायकोने चहाचा कप पुढ्यातून उचलून नेला होता. "दोन बायका तुझ्यासाठी उन्हात बसल्यात, आणि तू बिस्किटं बुडवतोयस?" असं म्हणून तिनेच पानं तोडून आणली. त्या बाईचंही कौतुक केलं पाहिजे.

तोकिलुपे बाहेर आली. तिने पहिली गोष्ट काय केली सांगू? "कितिओने, जा, माझी बोट नीट बांधलीय का बघ. आणि मी बोलवीपर्यंत तिथेच थांब." आम्ही तीन फेऱ्या मारून जे करू शकलो नाही ते तिने एका वाक्यात केलं. पोरगा निघून गेला. मग पेनिसिमानीने सरांना हात धरून उठवलं, आम्हाला उठवलं, आमच्या गळ्यातली पानं स्वतःच्या हाताने काढली. तो रडत होता आणि सरही.

सगळे चटयांवर बसल्यावर, भावापासून वेगळ्या चटईवरून तोकिलुपेने मेलेनाइटेला हाक मारली. पोरगी येऊन दाराशी बसली, मान खाली. तोकिलुपे म्हणाली, "वर बघ. तुझ्या बाईंचं म्हणणं आहे की तुला विचारायचं. तर विचारते. माझ्याकडे यायचंय की शाळेत जायचंय?"

मेलेनाइटेने बापाकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता. लेसिएलीकडे बघितलं. लेसिएलीने मानही हलवली नाही, हूं की चूं नाही, आणि मी मनात म्हटलं, अगं बाई, निदान डोळ्याने तरी सांग. पण ती सांगणार नव्हती. शेवटी पोरगीच बोलली. "मला परीक्षा द्यायचीय, आत्या. आणि बाळ... बाळ मला माझ्याजवळ हवंय."

आत्यासमोर असं बोलायचं नसतं. मला वाटलं, आता वीज पडणार. तोकिलुपेचा जबडा आवळला, सुटला, परत आवळला. दुखलं तिला. मी बघितलं. मग ती भावाकडे वळून म्हणाली, "पेनिसिमानी, ऐकलंस ना?" तो म्हणाला, "ऐकलं, ताई." "मग सोमवारपासून दोघांनाही पाठव."

पुढचे तीन महिने लेसिएलीने जे केलं त्यात सांगण्यासारखं काही नाही असं तीच म्हणेल. पाठ टेकायची खुर्ची चर्चमधून मागून आणली. वर्ग वरच्या मजल्यावरून खाली हलवला. दुपारी मेलेनाइटेला माझ्या ऑफिसात चटईवर अर्धा तास झोपवायचं, आणि मी टाइपिंग थांबवायचं, हा हुकूम होता. वर्गात कुजबुज झाली तेव्हा ती फक्त म्हणाली, "मेलेनाइटे गणित डोक्याने सोडवते. कोणाला काही शंका असेल त्याने पुढच्या चाचणीत तिच्या पुढे जाऊन दाखवावं." कोणी गेलं नाही. फिजिक्सचे सर म्हणाले, पोटुशी मुलगी समोर असली की मला शिकवायचं सुचत नाही. लेसिएली म्हणाली, "मग तुम्ही माझी बागेची ड्यूटी करा, मी तिला फिजिक्स शिकवते." ती रोज रात्री स्वतः आधी शिकून यायची. आठवड्याने त्या सरांनाच लाज वाटली आणि त्यांनी तास परत घेतला. परीक्षा खात्याला पत्र गेलं, की उमेदवार बाळंतीण असेल, मधे बाळाला पाजायला वेळ द्यावा आणि तेवढा वेळ शेवटी वाढवून द्यावा. ते मी टाइप केलं. आयुष्यात एखादं पत्र टाइप करताना मी पहिल्यांदा रडले असेन.

बाळ ऑक्टोबरच्या शेवटी झालं. मुलगी. लेसिएली दवाखान्यात गेली तेव्हा हातात अळूच्या पानात नारळाच्या दुधासकट शिजवलेल्या लूचं पुडकं होतं, पुस्तक नव्हतं. दोन दिवस तिने गणिताचा ग काढला नाही. मी म्हटलं, अगं, परीक्षा जवळ आली. ती म्हणाली, "तिचं अंग दुखतंय." तिसऱ्या दिवशी मेलेनाइटेनेच वही मागितली.

निकालाचं आधीच सांगून टाकते, कारण तो सगळ्या बेटाला माहीत आहे. ती पास झाली, गणितात उत्तम मार्क पडले, आणि आज तुम्ही विमानातून उतरलात तर वाऱ्याची नोंद जिने केलेली असते ती मेलेनाइटे. पण मला निकालाचा दिवस तितका आठवत नाही. मला गणिताच्या पेपरचा दिवस आठवतो.

तोकिलुपे सकाळच्या बोटीने आली होती. कोणी बोलावलं नव्हतं. सभागृहाबाहेर आंब्याखाली चटई टाकली, एकोणीस दिवसांचं बाळ मांडीवर घेतलं आणि बसली. परीक्षेवर देखरेख करायला राजधानीहून आलेला माणूस बाहेर येऊन म्हणाला, इथे कोणी बसायचं नाही. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो आत गेला आणि परत आला नाही. लेसिएली विषयाची शिक्षिका, तिला सभागृहाच्या जवळ फिरकायची परवानगी नव्हती, म्हणून ती फाटकाबाहेर रस्त्यावर येरझारा घालत होती. तीन तास. मधे एकदा मेलेनाइटे बाहेर आली, बाळाला पाजलं आणि एक शब्द न बोलता परत आत गेली.

पेपर संपल्याची घंटा झाली. पोरं बाहेर पडली. वाढवून दिलेला वेळ संपल्यावर मेलेनाइटे धावत आली, आणि आम्हाला वाटलं, बाळाकडे. ती सरळ आमच्या पुढून गेली, फाटकाबाहेर, लेसिएलीकडे.

"बाई, सातवा प्रश्न चुकीचा आहे. त्यात बोट कुठल्या दिशेने निघाली ते दिलंच नाही. दोन उत्तरं येतात."

"दोन कशी येतील?" लेसिएली म्हणाली.

"येतात. थांबा, दाखवते." तिने खिशातून बाळाचं दवाखान्याचं कार्ड काढलं, लेसिएलीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि फाटकाच्या खांबावर कार्ड टेकवून मागच्या बाजूला लिहायला लागली. लेसिएली वाकून बघत होती. दोघींची डोकी एकमेकींना टेकली होती. दोघी भांडत होत्या. मे महिन्यापर्यंत रोज तासानंतर जशा भांडायच्या, अगदी तशा. पाच महिने ती पोरगी कोणाच्या तरी लेखी पापी, कोणाची तरी भाची, कोणाची तरी आई होती. त्या घटकेला ती नुसती विद्यार्थिनी होती. मी लेसिएलीच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ती म्हणत होती, "नाही, इथे वजा घे."

बाळाने भोकाड पसरलं. तोकिलुपे त्याला खांद्यावर घेऊन फाटकाशी आली. "पोर भुकेलंय. घे तिला."

मेलेनाइटेने मागे वळूनही बघितलं नाही. "थांब आत्या, एवढी ओळ होऊ दे."

तोकिलुपेला आजवर कोणी थांब म्हटलं नव्हतं. ना भावाने, ना नवऱ्याने, ना चर्चच्या पाद्र्याने. मी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा ती बाळाला थोपटत तिथेच उन्हात उभी होती, आणि ती ओळ पूर्ण होईपर्यंत थांबली.